नवरदेवाच्या घोडीचा लगाम

मावशी गेल्याची बातमी घेऊन तिची मुलगी कुसुम सायकलनेच रामदासपेठेत आमच्या दारात आली. डोळे सुजलेले, पदराला गवताच्या काड्या चिकटलेल्या. "आई गेली, ताई. तट्टांले चारा टाकला, मंग निघाली मी." महिना होऊन गेला त्याला... रडायच्या आधी जनावरांचं पोट बघायचं, हे तिला कोणी शिकवलं ते विचारायची मला गरज नव्हती.

वच्छलामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नागपुरात सक्करदऱ्याकडे टिनाच्या छपराखाली तिच्या नवऱ्याची पाच तट्टं होती. पांढरी राणी लग्नसराईत नवरदेवाला घेऊन जायची, बाकीची चार बागेत मुलांना फिरवायची. साठीच्या दशकाची सुरुवात असेल. काका तापाने गेले तेव्हा मावशीला तिशीही लागली नव्हती, कुसुम पाळण्यात होती. दिरांनी तेरवीलाच जनावरं विकायचं ठरवून टाकलं. मावशीने ऐकून घेतलं, उठली आणि पाण्याच्या बादल्या उचलून तबेल्यात गेली. तेच तिचं उत्तर. त्यानंतर शेण काढणं, खरारा करणं, तोंडाला चण्याच्या थैल्या बांधणं, खोगीर घासून सोलवटलेल्या पाठीला हळद-तेल लावणं, सगळं एकटीने. अंगाने एवढीशी, राणीच्या पलीकडे उभी राहिली की फक्त तिचं कोरं कपाळ दिसायचं.

त्या कपाळावरूनच भांडण झालं. महाल भागातलं लग्न होतं, मी तेव्हा कॉलेजात, कुसुमला कडेवर घेऊन सोबत गेले होते. नवरदेव घोडीवर बसला, बँड सुरू झाला, आणि त्याचे मामा पुढे आले.

"बाई, तुमचा माणूस कुठं हाय?"

"मीच हावो माणूस."

"विधवेच्या हाती नवरदेवाची घोडी? अपशकुन होते. लगाम आमच्या गड्याजवळ द्या, तुम्ही मागून या."

"काहून मागून येऊ? सकाळी म्याच तिले आंघोळ घातली, म्याच सजवली. तवा नाही झाला अपशकुन? घोडी माही, लगाम माह्याच हाती राहीन."

"मंग आम्हाले घोडीच नको!"

"नको त नको. उतरवा पोराले."

बँड थांबला. नवरदेव खाली उतरला. मावशीने राणीला वळवलं आणि बाजूची गल्ली मोकळी असताना वरातीच्या मधोमध, सगळ्यांना बाजूला सरायला लावत ती निघाली. घरी येऊन ती राणीचे पट्टे सोडू लागली. मी विचारलं, "भीती वाटली का?"

"राग आला वं पोरी. भेव कायचं?"

गोष्ट नागपूरभर झाली. दोन लग्नसराया कोणी बोलावलं नाही. एखादा गडी पाठव, तू घरी राहा, असं दीर सांगत राहिले. तिने गडी ठेवला नाही. बागेतल्या फेऱ्या वाढवल्या, स्वतः एक वेळ जेवली. चण्याच्या थैल्या मात्र भरलेल्याच राहिल्या.

मग एका दुपारी मौद्याकडून एक बाई आली, मावशीसारखीच कोऱ्या कपाळाची. छपराच्या खांबाला धरून उभी राहिली. "माह्या पोराचं लगन हाय. वरातीत पुढं येऊ नको म्हणून राहिले मले, विधवा हावो म्हणून. तुम्ही लगाम धरान त मी तुमच्या बाजूनं चालीन."

मावशीने एवढंच विचारलं, "वरात किती वाजता हाय?"

त्या वरातीत मी होते. बँडच्या पुढे राणी, राणीच्या पुढे दोघी. काही पाहुणे पहिल्याच वळणावर परत फिरले. ती बाई घाबरून मागे सरू लागली, तेव्हा घोडीवरून तिचा मुलगा वाकून म्हणाला, "माय, पुढं चाल." आणि ती चालली... मांडवापर्यंत.

पुढे बोलावणी आली. सगळ्यांची नाही, पण जे यायचे ते लगाम कोणाच्या हातात राहणार हे ठाऊक असून यायचे. पुढची वीस वर्षं तो दुसऱ्याच्या हाती गेला नाही. मधल्या काळात माझे मिस्टर गेले. भेटायला आलेल्या बायका मला कोपऱ्यात बसवत होत्या. मावशीने दंडाला धरून मला दारात आणून उभं केलं. "कुंकू लावाचं त लाव, नको त नको. पण लपून बसू नको."

परवा तबेल्यात गेले होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक तट्टाचे खूर मावशी दाराशी उकिडवी बसून तपासायची, रुतलेले खडे काढायची. बागेतून परतलेलं एक तट्टू मला पाहून दाराशी थांबलं आणि कोणी न सांगता त्याने पुढचा पाय उचलून धरला. कुसुम आत पाणी भरत होती. मी पदर खोचला, खाली बसले आणि तो खूर मांडीवर घेतला.