कोरड्या बोअरचं तोंड

आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, हे काका दगड आधी जिभेला लावतात आणि मगच त्याच्याबद्दल बोलतात. नोकरीभर त्यांनी समुद्राच्या तळाखाली तेल शोधलं. तेल तिथे तळ्यासारखं साचलेलं नसतं, चुनखडीच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, हे ते आमच्या अंगणातल्या फरशीवर बोट ठेवून समजावतात. "बेटा, हे रायपूरही कधीकाळी समुद्रच होतं." खात्रीने मात्र ते काहीच सांगत नाहीत. माझी बदली टळेल का विचारलं, तरी उत्तर तेच, "शक्यता बरी आहे."

यंदा उन्हाळ्यात पाऱ्याच्या बोअरसाठी जागा त्यांनीच दाखवली. मशीन दिवसभर धडधडली, पण वर आली ती नुसती पांढरी भुकटी. लोक त्यांच्या नावाने कुरकुरत घरी गेले. मशीनवाला सामान आवरू लागला, तेव्हा काका सिमेंटची गोणी घेऊन आले.

"अंकल, सूखा है. छोड़ो ना," तो म्हणाला.

"समंदर में भी सूखे कुएँ का मुँह बंद करके ही हटते थे, भैया." उकिडवं बसून ते सिमेंट कालवू लागले.

मी म्हटलं, "काका, तुम्ही काहून करून राहिले? पाऱ्यातले पोट्टे करतील ना उद्या."

त्यांचा हात थांबला नाही.

"पाणी लागलं असतं, तर बोअर साऱ्या पाऱ्याची झाली असती, बेटा. कोरडी निघाली, मंग ती माझीच आहे ना."