‘स’ची धार

रेकॉर्ड केलेल्या जबान्या ऐकून टाइप करणं हे तिचं काम. साक्षीदार पुटपुटो, रडो, नाहीतर तोंडावर रुमाल धरून बोलो, तिच्या हातून अक्षर सुटत नसे. ऑफिसात तिला सगळे टीपकागद म्हणत. एके सकाळी ती फाटकातून आत शिरत असताना शेजारचा ट्रान्सफॉर्मर फुटला. अंगावर ओरखडासुद्धा आला नाही. गेले ते कान.

बहिरी झाली असती तर लोकांना निदान कळलं तरी असतं. इथं उलटंच झालं. ऐकू सगळं येई, पण बारीक, चिरका आवाज कानात सुईसारखा घुसे. डॉक्टर म्हणाले, “नस दुखावलीय. वेळ लागेल. किती, ते मलाही सांगता येणार नाही.”

नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात ती, तिची लहान लेक आणि दीर. दीर सभागृहांतून माईक-स्पीकर लावायचा. आवाज हाच धंदा, त्यामुळे वहिनीचं दुखणं त्याने अंगावर घेतलं. एका रविवारी तो तीन हेडफोन घेऊन आला. पेपरातली बातमी वाचून रेकॉर्ड केली आणि तीच तिन्हींतून तिला ऐकवली.

पहिल्यात बेस एवढा, की बोलणारा रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटे. “दुखत नाही, पण कळतही नाही,” ती म्हणाली. दुसरा मवाळ, गाण्याला छान. पण हळू उच्चारलेला शब्द त्यात विरघळून जाई. तिसरा कानाला लावला मात्र, तिने तो ओढूनच काढला.

“काय झालं?”

“‘स’ चावतो हो, भावजी. ‘श’चं तर विचारूच नका.”

“आणि अक्षर?”

“अक्षर लख्ख आहे.”

“मग हाच ठेवायचा. नसलेलं अक्षर मला आणता येणार नाही. टोचणं तेवढं कमी करता येईल.”

त्याने कॉम्प्युटरवर इक्वलायझर उघडला. पडद्यावर उभ्या पट्ट्यांची रांग. डावीकडे घुमणारे आवाज, उजवीकडे चिरके. एकेक पट्टी जराशी वर नेत, “आता? आता?” करत तो सात हजार हर्ट्झच्या पट्टीवर आला आणि ती दचकली.

“सापडला चोर,” म्हणत त्याने तीच पट्टी खाली ओढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे आखडलेले खांदे सैल झाले.

“याच्याखाली मात्र नेऊ नका, वहिनी. धार जाईल तसा ‘स’ही जाईल.”

तीच मांडणी त्याने तिच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही लावून दिली. पण दुपार झाली की कान ठणकू लागत, आणि पट्टी हाताशीच असे. ती थोडी खाली, मग आणखी थोडी खाली गेली. एका साक्षीदाराने ‘साठ पावलं’ सांगितलं, तिने ‘आठ पावलं’ टाइप केलं. वकिलाच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं.

“बाई, त्या एका अक्षरावर माणूस आत जातो,” साहेब म्हणाले. “झेपत नसेल तर सांगा.”

नोकरी सोडण्यासारखी नव्हती. तिने पट्टी वर नेली, कुठेही शंका नको म्हणून मूळ जागेवरच नेली. दिवसभर ती ‘स’ चावून घेई आणि संध्याकाळी सोलवटलेले कान घेऊन घरी येई.

दारात लेक उभी असे. तिचा आवाज इतका बारीक, की लाडाचं नावच चिमणी. “आई, आज शाळेत ना—” एवढ्यात आई कान दाबून भिंतीला टेके. “हळू गं! जीव घेतेस का माझा?”

“हिलाही एक पट्टी बसवायला हवी,” दीर एकदा म्हणाला. कुणी हसलं नाही.

उपाय चिमणीनेच शोधला. हनुवटी छातीला टेकवून ती जाड, दबक्या आवाजात बोलू लागली. मग गरजेपुरतं बोलू लागली. “गुणाची गं माझी,” आई तिला जवळ घेऊन म्हणे, आणि चिमणी आणखी गप्प होई.

एक दिवस ती शाळेतून पोट धरून आली.

“काय गं?”

“थोडं दुखतंय.”

आवाज इतका खालचा, की दुखणंही तेवढंच असेल असं आईला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला घरीच निजवून आई ऑफिसला गेली. दुपारी दीर घरी आला तर पोर उशीचं टोक दातात धरून पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं.

“अगं, हाक नाही का मारायची कुणाला? ओरडायचं नाही?”

दातातली उशी सोडून ती म्हणाली, “सवय राहिली नाही, काका.”

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पू पसरला होता म्हणून पुन्हा एकदा झालं. सर्जन म्हणाले, “या दुखण्यात मुलं घर डोक्यावर घेतात. ही काहीच बोलली नाही?”

पोर वाचली. आईने ते काम सोडलं आणि त्याच ऑफिसात कागद लावण्याचं कमी पगाराचं काम मागून घेतलं. घरी ती कानात बोळे घालून चिमणीसमोर बसे. “ओरड बघू. मला काही होत नाही.” चिमणी तोंड उघडी, आईच्या कानांकडे बघे, आणि मिटून घेई.

नव्या वर्षात शिक्षिकेने आईला शाळेत बोलावलं. “उत्तरं सगळी येतात तिला, पण पहिल्या बाकापर्यंतही ऐकू जात नाहीत. घरी कुणी ओरडतं का हो तिच्यावर?”

“नाही,” आई म्हणाली. “आमच्याकडे कुणीच ओरडत नाही.”