गीताबाईचा महिन्याचा खर्च

किन्हवलीच्या गीताबाईने उभ्या जन्मात कुठल्याही वस्तूची खरी किंमत घरात सांगितली नाही. नवरा काळू तापट. बाजारातून आलेली पिशवी तो आधी जमिनीवर ओतायचा आणि एकेकाचा भाव विचारायचा. साठाचं तेल गीताबाई चाळीसला सांगायची, पोराची पन्नासाची चड्डी तिसाला. काळू खूश. घासाघीस करावी तर आपल्या बायकोनेच, असं तो चारचौघांत सांगायचा. वरचे पैसे कुठून येतात हे त्याने कधी विचारलं नाही. पावसाच्या तोंडाला रानातली शेवळाची भाजी, एरवी कोंबड्यांची अंडी घेऊन ती शहापूरच्या बाजारात बसायची आणि फरक भरून काढायची. काळू मेला तेव्हा आपल्या घराला महिन्याला खरोखर किती लागतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गीताबाईला या गोष्टीचा अभिमान वाटायचा.

आता तिला बहात्तरावं लागलं होतं. गुडघे गेले, कोंबड्या गेल्या, ब्लडप्रेशर आलं. थोरला मुकेश आटगावला एका कारखान्यात जायचा आणि पगार बायकोच्या, संघरत्नाच्या हातात द्यायचा. गीताबाई त्यांच्याजवळ राहायची. धाकटा संदेश मुरबाडला भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर. तो दिवाळीला यायचा आणि आईला साडी द्यायचा, तेवढ्यावर त्याचं मुलाचं कर्तव्य आटपत होतं.

एका रविवारी संघरत्नाने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. चहा झाल्यावर तिने वहीचं पान पुढे सरकवलं. आईचं खाणं पंधराशे, दूध सहाशे, गोळ्या सातशे, डॉक्टर आणि रिक्षा चारशे, साबण-तेल-मिश्री दोनशे. एकूण चौतीसशे. त्यातला एक पैसाही तिने फुगवून लिहिला नव्हता.

"निम्मे तुमी द्या, भावजी. सतराशे. आमी काय जास्त मागत नाय."

संदेशने पान वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चौतीसशे? आय काय काजू खाते काय गो वयनी?"

गीताबाई दाराशी बसून ऐकत होती. त्या आठ्या तिच्या ओळखीच्या होत्या, थेट बापाच्या. हा पैसे नाही म्हणाला तर संघरत्ना आपल्याला ठेवायची नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिला हे घर सोडायचं नव्हतं. समोरच्या बुद्धविहाराच्या पायरीवर संध्याकाळी चार म्हाताऱ्या बसायच्या, त्यांच्यातली एक ती होती. मुरबाडला तिला कोण ओळखणार? आणि जन्मभराची जीभ ती, आपोआप चालू झाली.

"नाय रे, एवढे कुठं लागतात?" ती म्हणाली. "तांदूळ तर माझ्या नावावर रेशनचा येतो. दूध कशाला, मी कोराच चा पिते. भाकरी एकच खाते. गोळी अर्धी घेतली तरी चालतंय. आन मिश्री मी सोडली."

मिश्री तिने त्याच सकाळी लावली होती.

"मग किती लागतात?" संदेशने विचारलं.

"नऊशे. नऊशेत सगळं भागतं."

आपण घर वाचवलं, असं तिला वाटलं. आता याला फक्त साडेचारशे द्यायचे, तेवढे हा हसत देईल. म्हातारीने धाकट्याचा खिसा बघितला, थोरल्या सुनेचं तोंड बघितलं नाही. संघरत्ना लाल झाली होती. वर्षभर म्हातारीसाठी पदरचे घातले, आणि आता दिराच्या देखत तिलाच खोटं पाडलं होतं.

"बरं," ती थंडपणे म्हणाली. "नऊशेत भागतं तर भावजी, तुमीच घेऊन जा. आमी महिन्याच्या महिन्याला साडेचारशे धाडू."

मुकेश खिडकीबाहेर बघत राहिला. संदेशने मनात हिशेब केला. इथे ठेवायची तर वयनी सतराशेच धरून बसणार. नेली तर खिशातून साडेचारशे. त्याला फार वेळ लागला नाही.

"आय, पिशवी भर," तो म्हणाला.

"अरे, मी कशाला..." गीताबाईने मुकेशकडे पाहिलं. तो पाहीना. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. संघरत्नाने स्वतःच तिची लुगडी घडी करून पिशवीत भरली. रेशन कार्डावरचं नाव तेवढं तिने किन्हवलीतच ठेवून घेतलं.

मुरबाडला संदेशची बायको रंजिता सासूशी कधी मोठ्या आवाजात बोलली नाही. नवऱ्याने सांगितलं तसं ती करायची. ताटात एक भाकरी, कोरा चहा, आणि रात्रीची गोळी विळीवर धरून बरोबर अर्धी. पहिल्या आठवड्यात एकदा गीताबाई रिकाम्या ताटापुढे जरा जास्त वेळ बसून राहिली. रंजिता म्हणाली, "आई, तुमी एकच खाता ना? मी मोजूनच थापते." गीताबाई हो म्हणाली आणि उठली. पूर्वी खोटं बोललं की ती रानात जायची आणि त्याची भरपाई करून आणायची. इथे तीन जिने उतरायची ताकद नव्हती आणि खाली सगळी डांबरी सडक. फरक आता तिच्या अंगातूनच भरायचा होता.

महिना भरला. तिचे पाय सुजले होते, उठताना भिंत धरावी लागत होती. संदेशने फोन लावला.

"दादा, आयला नऊशे पण नाय लागले. आठशे वीसच झाले."

"मग मी चारशे दहाच धाडतो," मुकेशचा आवाज आला.

"चालंल." संदेश आईकडे वळून हसला. "बघ आय, तू बोललीस त्याच्यापेक्षा कमीच."

किती वर्षांनी कोणीतरी असं कौतुकाने तिच्याकडे बघत होतं. गीताबाईला बरं वाटलं, खरोखर बरं वाटलं. तिने भिंतीला टेकलेली मान सरळ केली.

"पुढच्या महिन्याला सातशेत बसवते," ती म्हणाली.

संदेशने ते फोनवर भावाला सांगितलं.