बक्षिसाचा कुकर

माझ्या आत्याला पगार मिळायचा तो कुकर नापास करण्याचा. कुकरच्या कारखान्यात ती तपासनीस होती. प्रत्येक लॉटमधला एक कुकर उचलायचा, शिट्टी बंद करून वाफ चढू द्यायची आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उडतो का ते जाळीआडून बघायचं. नाही उडाला, तर अख्खा लॉट परत. कुठला कुकर उचलायचा हे तिचं तीच ठरवायची, कधी तळातला, कधी कोपऱ्यातला. "सांगून घेतली तर ती परीक्षा कसली?" असं म्हणायची.

तिचा थोरला भाऊ म्हणजे माझे बाबा. त्याच कारखान्यात सुपरवायझर. लॉट त्यांचे आणि नापास करणारी सख्खी बहीण! जेवताना आमच्याकडे कारखान्याचं नाव कुणी काढत नसे.

मग नवे साहेब आले. त्यांना नियंत्रणाचं भारी वेड. दारातच फळा लागला, पास लॉटला हिरवा ठिपका, नापास लॉटला लाल. लाल वाढले तर सुपरवायझरची खुर्ची जाणार. वर वेळ वाचावा म्हणून नियम निघाला, की तपासायचा कुकर सुपरवायझरनेच निवडून आत्याच्या टेबलावर आणून द्यायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बाबांना चोर म्हणताना जीभ अडखळते, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

फळा हिरवागार झाला. साहेब खूश, बाबा खूश. शेजारच्या काकूंनी तर बाबांच्या शब्दावर आमच्याच कारखान्याचा कुकर घेतला. आत्याच्या तोंडची चव तेवढी गेली.

"वहिनी, हल्ली एकही कुकर नापास होत नाही," ती आईला म्हणाली.

"मग बरंच आहे की!"

"मला त्याचीच भीती वाटते."

खरं सांगते, त्या दिवसापासून मलाही वाटायला लागली.

वर्षभर लाल ठिपका नाही म्हणून साहेबांनी बाबांना बक्षीस म्हणून कुकर दिला. गोदामात जाऊन हाताला लागलं ते खोकं साहेबांनी स्वतः उचललं. आई हरखून गेली. संध्याकाळी तिने नव्या कुकरमध्ये बटाटे घातले, झाकण लावलं आणि गॅस पेटवला.

"बंद कर!" बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडतच आले आणि त्यांनीच गॅस बंद केला. "जुन्यातच लाव."

"अहो, पण का? तुमच्याच हातचा आहे ना?"

दारात आत्या उभी होती.

"दादा, मला निवडून चांगले देत होतास. मग बाकीचे कुठे गेले?"

"दुकानांत," बाबा पुटपुटले.

भिंतीपलीकडे काकूंच्या स्वयंपाकघरात झाकण लावल्याचा आवाज झाला. आत्या अनवाणीच धावली, तिच्यामागे मी. दारातून वळून पाहिलं तर बाबा तसेच भिंतीकडे तोंड करून, शिट्टी होते का ते ऐकत उभे होते.