फूटपट्टीची रजा

खुर्च्यांच्या गाद्या शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्या बायका 'फूटपट्टी' म्हणत. तिच्या हातची खोळ कधी सैल पडली नाही, कधी ताणली गेली नाही. आपलं खोटं पोटही तिने तसंच मापात शिवलं. आत फोम, वर कापूस आणि चालताना वजन जाणवावं म्हणून तळाशी वाळूची पुरचुंडी. महिना उलटला की उसवायचं, भर घालायची, पुन्हा शिवायचं.

मूल तिचं आणि नवऱ्याचंच होतं. वाढत होतं दुसऱ्या शहरात, तिच्या थोरल्या बहिणीच्या पोटात. तिची स्वतःची पिशवी गाठीपायी काढावी लागली होती. हे सासूबाईंना सांगण्याची तिची छाती नव्हती. शेजारची दत्तक मुलगी कॉलेजात गेली तरी त्या तिला 'आणलेली' म्हणत.

कारखान्यात तिला कुणी गठ्ठा उचलू देईना.

"चाल बघा हिची! मुलगाच."

"गप गं. माझ्या वेळी असंच म्हणालीस आणि जुळ्या मुली झाल्या."

बाळंतपणाला म्हणून ती बहिणीकडे गेली, तिला मुलगी झाली आणि बाळ घेऊन ती घरी आली. तिने रजा मागितली, तेव्हा एचआरच्या मॅडमनी दवाखान्याचा दाखला आणायला सांगितलं. त्यावर बाळंतीण म्हणून बहिणीचं नाव होतं. तिने काही दिवस टाळाटाळ केली. शेवटी केबिनचं दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.

मॅडम तिच्या पोटाकडे बघत राहिल्या.

"अहो, सरोगसीने आई होणारीलाही कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा आहे. फक्त आधी कळवायचं."

"मला वाटलं, जी बाळंत होते तिलाच मिळते."

"विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

"आम्ही काय दवंडी पिटतो? आता मात्र मी हे वर पाठवलं तर चौकशी लागेल. गरोदर म्हणून हलकं काम घेतलंत, तपासणीच्या सुट्ट्या घेतल्यात. नोकरी जाईल." त्यांनी अर्ज तिच्याकडे सरकवला. "परत घ्या. मी काही ऐकलेलं नाही."

घर तिच्याच पगारावर चालत होतं. सासूबाईंचे हात थरथरायचे, त्यांना बाळ उचलवत नव्हतं. तेव्हा मुलगी पुन्हा बहिणीकडे गेली.

"तान्ह्या पोरीला मावशीकडे टाकून कामाला निघालीस?" सासूबाई म्हणाल्या. "कसली आई गं तू?"

कारखान्यातही तेच झालं. "इतक्यात आलीस?"

"रजा नाही मिळाली," एवढंच ती म्हणाली. बायकांनी मॅडमचा यथेच्छ उद्धार केला. एकीने नवी गादी आणून तिच्या पाठीशी लावली. "ओली बाळंतीण ना तू? टेकून बस."

शेजारच्या मशीनवरची तिच्या कानाशी वाकली. "दुपारी घरी जाऊन पाजून येत जा. दूध तुंबलं की फार दुखतं गं."

तिने मान हलवली आणि मशीन सुरू केलं.