एकचार काका आणि चौथी काडेपेटी

लग्नघरात बाकीचे फोटोग्राफर ‘लाइट लावा’ म्हणून ओरडायचे, एकचार काका ‘लाइट बंद करा’ म्हणून. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकांच्या तयारीत, आणि हे गृहस्थ व्हिडिओवाल्याच्या अंगावर जाताहेत: “अरे भाई, तारो सूरज बंध कर ने! नवरीनं काय डोळे मिटून लग्न लावायचं?” व्हिडिओवाला तोंड वाकडं करून दिवा विझवायचा, आणि काका खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात आपलं काम उरकायचे. बडोद्यात आमच्या ओळखीच्या मराठी घरांतले त्या काळचे जे फोटो आजही बघावेसे वाटतात, ते बहुतेक त्यांचेच आहेत.

एकचार हे नाव त्यांच्या लेन्सवरून पडलं होतं. लेन्सवरचा आकडा जितका लहान, तितकं तिचं तोंड जास्त उघडतं आणि उजेड जास्त घेतं. काकांची रुंद नजरेची, पस्तीस मिलिमीटरची लेन्स एक पूर्णांक चार दशांश, म्हणजे एक-चारपर्यंत उघडायची. साठच्या दशकातली. कारखाना उभारायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत जाताना ती कॅमेऱ्यासकट विकून गेला. त्याच महिन्यात काकांचा स्कूटरचा नंबर लागला होता, तोही कित्येक वर्षांनी. काकांनी नंबर सोडला, लेन्स घेतली आणि जन्मभर सायकल चालवली. काकू पाहुण्यांना सांगायच्या, “आमची स्कूटर ना? ती काय, यांच्या गळ्यात लटकतेय.”

“उजेड मागू नये, असेल तेवढ्यात भागवावं,” असं ते म्हणत आणि लेन्स कायम पूर्ण उघडी ठेवत. त्या कॅमेऱ्यात डोळा लावला की मधोमध माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या. लेन्सची कडी फिरवत त्या एकमेकींवर नेमक्या बसवल्या, की फोकस झाला. सगळा खेळ डोळ्याचा. काकांना आपल्या डोळ्याचा गर्व होता आणि तो त्यांना शोभायचा. फोटोत नथीच्या मोत्यावर दिव्याचा उजेड जरासा पसरलेला असायचा, सगळ्याच उजळ गोष्टींभोवती एक मऊ कड यायची. “लेन्सचा दोष आहे तो,” काका लाडानं सांगायचे, “पण कुणी दुरुस्त करू म्हणेल तर हात तोडीन.”

माझे वडील, अण्णा, त्यांचे शाळेपासूनचे मित्र. अण्णांचं आजारपण वाढलं तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो, नंदेसरीच्या कारखान्यात नुकता लागलो होतो. एका सकाळी अण्णांना जरा बरं वाटलं. ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसून ते म्हणाले, “आज काकाला बोलाव रे, एक फोटो काढून घेऊ.” काका सायकल दामटत आले. ऊन चांगलं होतं. काकांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. लेन्सचं तोंड दोन-आठपर्यंत मिटून घेतलं. तोंड मिटलं की फोकसमधली बारीकसारीक चूक खपून जाते, असं सगळेच मानतात. त्यांना त्या दिवशी कसलाही धोका नको होता.

दोन आठवड्यांत अण्णा गेले. फ्रेमसाठी मी तो फोटो मागवला. अण्णांचा चेहरा धूसर. कान मात्र स्पष्ट, खुर्चीच्या वेताची वीण त्याहून स्पष्ट. मी तडकलो. घरात माणसं बसलेली असताना म्हणालो, “जगाची लग्नं काढलीत काका, आमचा एक फोटो नीट काढता नाही आला?”

“डोळा चुकला रे,” काका एवढंच म्हणाले.

दुसरा अलीकडचा फोटो नव्हता, म्हणून आईनं तोच लावला. आणि काकांनी माणसांचे फोटो काढणं सोडलं. बोलावणी आली की “आता माणसं आपल्याला सापडत नाहीत” म्हणून हात जोडायचे. जुने दरवाजे, शिलालेख, वडाच्या पारंब्या असलं काही काढत हिंडायचे. आमच्याकडे यायचे, पण ओट्यापर्यंतच. आत बैठकीत तो फोटो होता. माफी मागायची माझी राहून गेली, म्हणजे खरं सांगायचं तर मी ती मागितलीच नाही.

आठ-नऊ वर्षं गेली. देशाचा बाजार उघडला, कंपनीनं मला ट्रेनिंगला जपानला पाठवलं आणि येताना मी काकांसाठी तिथली एक नवी कोरी लेन्स आणली. तीही पस्तीसची, काकांच्या कॅमेऱ्यावर बसणारी, पण एक-सातपर्यंतच उघडणारी. काकांनी ओट्यावरच ती उलटीसुलटी करून पाहिली.

“एक-सात? म्हणजे दिवेलागणीला घरी परत.”

“काका, दोन्ही लेन्सांची तुलना करू या का?”

“दोन सुनांची परीक्षा घेतात का रे? नको ते घरात सुरू होतं.”

“मी फसलो की काय, ते तरी बघा.”

फसवणूक म्हटल्यावर ते उठले. ओट्यावर टेबल मांडून त्यांनी पाच काडेपेट्या तिरप्या रांगेत उभ्या केल्या, एकीच्या मागे एक. कॅमेरा तिपाईवर ठेवला. फोकस दर वेळी तिसऱ्या पेटीवर. शेजारी पाटी, तिच्यावर खडूनं लेन्स आणि आकडा. आधी नवीचे फोटो, मग जुनीचे, पूर्ण उघड्या तोंडापासून एकेक पायरी मिटत. दर फोटोआधी काका कडी पार फिरवून पुन्हा नव्यानं फोकस करत आणि पुटपुटत, “माझ्या डोळ्याचा भरवसा नाही हं.”

संध्याकाळी सयाजीगंजच्या लॅबमध्ये मोठ्या प्रती हातात आल्या. जिग्नेशभाईंनी काउंटरवर मांडल्या. पूर्ण उघड्या तोंडाला दोघींचीही तिसरी पेटी स्पष्ट होती. जुनीची मऊ, कडा पाझरलेली. नवीच्या पेटीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. “काका, आ तो नवी जीती गई,” जिग्नेशभाई म्हणाले. काकांचा चेहरा पडला. मला वाटलं, कुठून ही दुर्बुद्धी सुचली.

पण काका पुढच्या प्रती बघत होते. नवी लेन्स कुठल्याही आकड्याला तिसऱ्या पेटीवरच. जुनी दोन आकड्याला थोडी मागे सरकलेली. दोन-आठला तिसरी पेटी धूसर आणि चौथी लख्ख.

त्यांनी खिशातलं भिंग काढलं. पाटीवरचा आकडा पाहिला, पुन्हा पेटी पाहिली. मग नवीचा दोन-आठचा फोटो शेजारी ठेवला. कॅमेरा तोच, तिपाई तीच, डोळा तोच.

“मधू,” ते हळूच म्हणाले, “ही तोंड मिटताना मागे सरकते रे. पूर्ण उघडी असली तरच माझं ऐकते.”

“म्हणजे अण्णांच्या वेळी...”

“दोन-आठ. डोळ्यावर धरला होता मी फोकस. बरोब्बर डोळ्यावर! हिनं नेला कानावर.” आणि लेन्स हातात घेऊन भर दुकानात ओरडले, “हरामखोर! इतकी वर्षं मला आंधळा ठरवलंस!” ओरडता ओरडता हसायला लागले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले. जिग्नेशभाई घाबरून पाणी घेऊन आले.

मी तिथेच, काउंटरपाशी, त्यांच्या पाया पडलो. “काका, मी त्या दिवशी बोललो ते...”

“ऊठ रे. मलाही तेच वाटत होतं ने,” ते म्हणाले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि ओटा ओलांडून थेट बैठकीत शिरले. फोटोसमोर उभे राहिले. मग आईला म्हणाले, “वहिनी, खिडकीपाशी बसा. तुमचा फोटो काढतो.” मी नवी लेन्स पुढे केली, तर मान हलवली. “आपली जुनी कुठे सरकते ते आता कळलंय. तोंड मिटून डोळा हवा असला की नाकाच्या शेंड्यावर धरायचं.”

आईला काही उमगेना. मी तिला काडेपेट्यांची हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

“म्हणून तुम्ही आत येत नव्हता, भावोजी? मला वाटायचं, त्या दिवशी फोटो काढून निघालात आणि यांच्या गडबडीत मी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही, म्हणून रागावलात. इतकी वर्षं मनाला लागून होतं.”

काकांनी कॅमेरा खाली ठेवला.

“मग आता टाका की,” ते म्हणाले. “साखर जरा जास्त.”

फोटो चहानंतर काढला. काका त्यानंतर सहा वर्षं होते आणि पुन्हा लग्नांतून दिवे बंद करायला लावत हिंडले. आई त्यांच्यामागून गेली. तिचा तो फोटो अण्णांच्या शेजारी लावलाय. त्यात तिच्या पापणीचा केस न् केस मोजता येतो. काकांचा डोळा शेवटपर्यंत चांगला होता.