बाळाबाईच्या हाताचा गुण

मुळशी धरणाच्या वरच्या वाडीत तान्ह्या मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, की लोक म्हणत, डबा धरला. आणि डबा धरला, की मूल बाळाबाईकडे नेत. ती खिळा तापवून पोटावर डाग देई. मूल जगले, तर तिच्या हाताला गुण. मेले, तर आणायलाच उशीर झाला. अशा न्यायनिवाड्यात कुणाची कीर्ती कमी होत नसते.

स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी खाली रस्त्याला दवाखाना आला आणि पेनिसिलीनची सुई आली. त्याच थंडीत बाळाबाईच्या नातवाला डबा धरला. सून लिलाबाई चुलीत खिळा घालून बसली.

"आत्याबाई, घ्या की! इस्तू इझतोय."

बाळाबाईने खिळा अंगणात भिरकावला आणि नातवाला पदराखाली घेऊन ती डोंगर उतरली.

डॉक्टर पुण्याचे. तिने भाजलेली मुले त्यांच्या टेबलावर येऊन गेली होती.

"डाग देणारी तूच ना? मग दे की यालाही! इथे कशाला आलीस?"

"सायेब, पाया पडते. सुई द्या."

"आधी ओसरीवरच्या या बायांना सांग, डागाने मूल बरे होत नाही म्हणून. मोठ्याने सांग."

नातवाच्या नाकपुड्या फुलत होत्या. मूल धापा टाकत असताना अट घालण्याचे शिक्षण कोणत्या महाविद्यालयात मिळते, कोण जाणे!

बाळाबाई ओसरीकडे वळून म्हणाली, "डागानं काय हुत न्हाई."

ओसरीवर धोंडाबाई बसली होती. तिचे मूल भादव्यात बाळाबाईने डागले होते, आणि ते गेले होते.

"आँ? मग माज्या लेकराला का भाजलंस गं, अवदसे?"

बाळाबाईने नातवाला टेबलावर ठेवले. डॉक्टर समाधानाने सुईकडे वळले.

रोजच्या सुईने नातू वाचला. या भागातली अघोरी प्रथा आपण मोडली, असे डॉक्टरांनी वरिष्ठांना कळवले. वाडीने मात्र निराळाच अर्थ लावला. बाळाबाईच्या हाताचा गुण गेला, म्हणून ती खाली पळाली. त्यात डागाचा काय दोष? लोक डागासाठी माथ्यावरच्या कोंडाबाईकडे जाऊ लागले. बाळाबाईला बारशाचे बोलावणे येईनासे झाले. ती पाणवठ्यावर आली, की बाया पोरे झाकून घेत.

पुढल्या थंडीत धोंडाबाईच्या नव्या मुलाला डबा धरला. बाळाबाई वाटेत आडवी आली.

"धोंडे, वर नगं जाऊ. खाली ने, सुई टोचून घे. माजा नातू बघ, चालाया लागलाय."

"तुजा चालतोय, माजा मातीत गेला. आता ह्यो बी खायाचाय व्हय तुला? हो बाजूला!"

"माज्या तोंडात श्याण घाल, पर खाली ने."

धोंडाबाईने खरोखरच वाकून वाटेवरचे शेण उचलले आणि तिच्या तोंडावर मारले. मग मुलाला उराशी धरून ती माथ्याकडे चढू लागली. कोंडाबाईच्या छपरातून धूर निघत होता. विस्तव तयार होता.